वाचक विचारतात : ब्रिटनीच्या वाटांवरचे दगडी क्रूस

गेल्या अंकातील ब्रिटनीच्या प्रवासलेखात वाटेवरच्या दगडी क्रुसांना जेमतेम एक परिच्छेद मिळाला होता; पत्रे मात्र बहुतेक त्या परिच्छेदावरच आली. फ्रान्सच्या वायव्य टोकाला असलेल्या या द्वीपकल्पात चौकांत, शेतांच्या बांधांशी आणि देवळांच्या अंगणांत शेकडो वर्षे उभे असलेले हे क्रूस इतक्या वाचकांना खुणावतील, असे लेख लिहिताना वाटले नव्हते. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (नागपूर) : लेखात एके ठिकाणी ‘क्रूस’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘काल्व्हेर’ असा शब्द आला आहे. या दोन वेगळ्या वस्तू आहेत की एकाच वस्तूची दोन नावे?

उत्तर : हा गोंधळ माझ्याच लेखनामुळे झाला. फ्रान्समध्ये इतरत्र ‘काल्व्हेर’ हा शब्द वाटेवरच्या कोणत्याही मोठ्या क्रुसाला सर्रास लावतात. ब्रिटनीतले अभ्यासक मात्र त्याबाबत काटेकोर असतात. पायऱ्या, चौथरा, त्यावर खांब आणि खांबाच्या माथ्यावर आडवी पट्टी, फार तर तिच्यावर येशूची मूर्ती, एवढेच असेल तर तो क्रूस. ब्रिटनीच्या स्वतःच्या ब्रेतों भाषेत त्याला ‘क्रोआझ’ म्हणतात. ज्या टेकडीवर येशूला खिळले त्या कालवारीचे दृश्य उभे करण्यासाठी मरिया, प्रेषित योहान, दोन बाजूंचे चोर, घोड्यावरचे शिपाई अशा मूर्ती त्यात मिळवल्या की ते काल्व्हेर झाले. यातही अगदी वरच्या पायरीवर सात मोठी काल्व्हेर आहेत, ज्यांच्या चौथऱ्याचेच एक लहानसे रंगपीठ झाले आहे आणि त्यावर येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा डझनावारी मूर्तींनी मांडली आहे. त्रोनोएन, प्लुगोन्व्हेन, प्लेबेन, गिमिलियो, सें-तेगोनेक आणि प्लुगास्तेल-दाउलास ही सहा फिनिस्तेर या पश्चिमेकडच्या जिल्ह्यात आहेत, आणि सातवे गेएनो हे एकटेच मोर्बियां जिल्ह्यात आहे. पर्यटकांच्या छायाचित्रांत ही सातच पुन्हा पुन्हा दिसतात. पण ईव्ह-पास्काल कास्तेल या धर्मगुरूंनी गावोगाव फिरून केलेली आणि १९८० साली प्रसिद्ध झालेली सूची पाहिली, तर एकट्या फिनिस्तेरमध्ये सुमारे तीन हजार क्रूस आणि काल्व्हेर नोंदलेली आहेत. त्यातली बहुसंख्य साधी आहेत, आणि आपल्या पत्रांतले बरेच प्रश्न खरे तर त्या साध्या क्रुसांचे आहेत.

प्रश्न (कोल्हापूर) : हे क्रूस चर्चच्या आवारात असणे समजू शकते, पण निर्जन चौकात आणि शेतात ते का उभारले?

उत्तर : ब्रेतों भाषेत चौकाला ‘क्रोआझ-हेंत’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘वाटांचा क्रूस’. वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आकार आधीच तयार असतो. मात्र जागा ठरण्यामागे याहून व्यवहारी कारणेही होती. ब्रिटनीची जुनी शेती लहान लहान तुकड्यांची होती. प्रत्येक तुकड्याभोवती मातीचा उंच बांध, बांधावर झाडे, आणि दोन बांधांच्या मधून जाणारी, वर्षानुवर्षांच्या गाड्यांनी खोल गेलेली वाट. अशा वाटेने चालणाऱ्याला समोरचे गाव तर सोडाच, पलीकडचे शेतही दिसत नसे. तिथे बांधाच्या वर डोके काढलेला क्रूस ही वाट सांगणारी खूण होती. धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या टापूची, हद्दही अनेकदा क्रुसानेच दाखवली जाई.

त्याखेरीज क्रूस वापरात होता, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वसंतात पिकांना आशीर्वाद देण्यासाठी निघणारी मिरवणूक शेतांतून फिरताना क्रुसापाशी थांबे. दूरच्या वाडीतून मृतदेह चर्चकडे नेताना वाटेतल्या क्रुसांशी थांबून प्रार्थना होई. कुणाचा खून झाला, कुणी गाडीखाली सापडले, तर त्या जागी लहान क्रूस उभा राही, म्हणजे येणारा-जाणारा मृताच्या आत्म्यासाठी दोन शब्द म्हणेल. कुणी नवस फेडण्यासाठी क्रूस उभारला आणि चौथऱ्यावर आपले नाव व साल कोरवून घेतले. गावात धर्मप्रचारकांचे शिबिर झाले की त्याची आठवण म्हणून क्रूस उभारण्याची प्रथा १९व्या आणि २०व्या शतकांतही जोरात होती, त्यामुळे वाटेवर दिसणारा प्रत्येक क्रूस पुरातन असतो असे समजू नये.

वाटेसाठी घडवलेली वस्तू असल्याची एक खूण प्रत्यक्ष मूर्तींत सापडते. अनेक क्रुसांच्या आडव्या पट्टीवर दोन संत एकाच दगडातून पाठीला पाठ लावून कोरलेले असतात : इकडून मरिया दिसते, तर तिच्याच पाठीतून तिकडे तोंड केलेला दुसरा कुणी संत निघतो. खांबाच्या माथ्यावरही तसेच, एका बाजूला खिळलेला येशू आणि दुसऱ्या बाजूला बालकाला घेतलेली किंवा मृत पुत्राला मांडीवर घेऊन बसलेली मरिया. भिंतीला टेकवायच्या मूर्तीची पाठ कोरी ठेवता येते. चौकात उभ्या राहणाऱ्या मूर्तीला पाठ असून चालत नाही, कारण माणूस दोन्हीकडून येणार असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये जमिनींचे एकत्रीकरण झाले, ब्रिटनीतले पुष्कळ बांध सपाट केले गेले आणि कित्येक जुन्या वाटा नांगराखाली गेल्या. त्या वेळी, आणि नंतर रस्ते रुंद करताना, अनेक क्रूस उचलून दुसरीकडे बसवले. आज डांबरी रस्त्याच्या वळणावर दिसणारा क्रूस मूळचा तिथलाच असेल असे नाही.

प्रश्न (वसई) : आमच्याकडे आणि मुंबईच्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले क्रूस आहेत. छायाचित्रात ब्रिटनीतल्या एका क्रुसाच्या खांबावर फोडांसारखे उंचवटे दिसले. तेही प्लेगचेच का?

उत्तर : आपली नजर अचूक जागी गेली. अशा गाठाळ खांबाच्या क्रुसांना ब्रिटनीत ‘प्लेगचे क्रूस’ म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि खांबावरच्या गाठी म्हणजे रोग्याच्या अंगावरच्या गाठी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. काल्व्हेरांत याचे सर्वांत ठळक उदाहरण प्लुगास्तेल-दाउलासचे. १५९८ साली या भागात प्लेगने थैमान घातले आणि साथ सरल्यावर १६०२ ते १६०४ या काळात हे सुमारे १८० मूर्तींचे काल्व्हेर उभारले गेले. त्याच्या खांबावर गाठी तर आहेतच, शिवाय प्लेगपासून राखणारे मानले जाणारे संत सेबास्टियन आणि संत रोख यांनाही तिथे जागा दिली आहे. रोख ओळखायला सोपा : तो कपडा वर करून मांडीवरची गाठ दाखवत उभा असतो.

तरीही केवळ गाठी पाहून प्लेगचा निर्णय देणे मला घाईचे वाटते. क्रूस म्हणजे झाड ही कल्पना ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहे. फांद्या छाटलेल्या बुंध्यावर जशा खुंट्या राहतात, तशा खुंट्या खांबावर कोरून तो ‘बुंधा’ आहे हे शिल्पी दाखवत असत. पुढे त्याच खुंट्यांत लोकांना प्लेगच्या गाठी दिसल्या असतील, किंवा कोरणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ असतील. गावाच्या आठवणीत किंवा चौथऱ्यावरच्या सालात साथीचा आधार असेल तरच प्लेगचा क्रूस म्हणावे.

वसई-मुंबईच्या क्रुसांशी यांचा वंशाचा संबंध नाही. आपल्याकडे ही परंपरा पोर्तुगिजांबरोबर आली. पण साथ आल्यावर गावाच्या तोंडाशी क्रूस उभारावासा वाटणे, हे दोन्हीकडे तीनशे वर्षांच्या अंतराने सारखेच घडले आहे.

प्रश्न (सातारा) : काही मूर्तींचे नाक-डोळे पार झिजून गेले आहेत, तर काहींची बोटांची नखेसुद्धा शाबूत दिसतात. जुन्या झिजल्या आणि नव्या टिकल्या, इतकेच ना?

उत्तर : नाही, आणि या प्रश्नासाठी आपले आभार मानले पाहिजेत, कारण वयाआधी दगड पाहावा हे सांगण्याची संधी त्यामुळे मिळाली. ब्रिटनीतले बहुतेक क्रूस ग्रॅनाइटचे आहेत. ग्रॅनाइट टणक खरा, पण त्याचे कण मोठे असतात. ज्वारीच्या दाण्याएवढा स्फटिक जिथे मध्येच उभा आहे, तिथे पापणीची कड कशी काढणार? म्हणून ग्रॅनाइटमध्ये काम करणाऱ्याने डोळे मोठे ठेवले, वस्त्राच्या चुण्या सरळ आणि मोजक्या ठेवल्या, हात जाड ठेवले. पुष्कळजण याला ‘भाबडी ग्रामीण शैली’ म्हणतात. मला त्यात दगडाशी केलेला शहाणा समझोता दिसतो. वीरगळ पाहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरा दगड केर्सांतों. ब्रेस्टच्या खाडीकाठच्या एका वाडीवरून त्याला हे नाव पडले. तो गडद करड्या रंगाचा, बारीक कणांचा, अभ्रकाने भरलेला असतो. खाणीतून ताजा काढला की छिन्नीला वश होतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होत जातो. त्यात दाढीचे केस, साखळीची कडी, दोरीचा पीळ, सगळे कोरता येते, आणि मुख्य म्हणजे चारशे वर्षांच्या पावसानंतरही ते कोरलेले राहते. शिवाय खाणी पाण्याच्या काठी होत्या, त्यामुळे दगड होडीत घालून एलोर्न नदीवरच्या लांदेर्नो गावापर्यंत नेता येई; आणि लांदेर्नोतच मूर्तिकारांच्या मोठ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हे.

दोन्ही दगड शेजारी पाहायचे असतील तर त्रोनोएनला जावे. ओदिएर्न उपसागराच्या किनाऱ्याजवळ, उघड्या माळावर, एका एकाकी चर्चच्या बाजूला हे काल्व्हेर उभे आहे. सातांतले हे सर्वांत जुने, साधारण १४५० ते १४७० या काळातले. चौथऱ्याभोवती मूर्तींचे दोन पट्टे आहेत. त्यातल्या ग्रॅनाइटच्या मूर्तींवर साडेपाचशे वर्षे खारा वारा घासत आला आहे; चेहरे गुळगुळीत झाले आहेत, आणि पांढऱ्या-पिवळ्या दगडफुलांनी अंगे झाकली आहेत. मग एकदम येशूजन्माच्या प्रसंगापाशी दगड बदलतो. मरिया पलंगावर पहुडली आहे, केस मोकळे, वक्षस्थळ उघडे, बाळंतिणीचा थकवा आणि समाधान दोन्ही अंगात भरलेले. ही मरिया इतकी ठसठशीत उरली याचे कारण ती केर्सांतोंची आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा झिजलेल्या बाजूवरून बोट फिरवले तर बोटाला वाळू लागली. मूर्तीला हात लावू नये हे मला ठाऊक होते, आणि वाचकांनीही लावू नये.

प्रश्न (अहिल्यानगर) : चौथऱ्याच्या तळाशी कवटी आणि हाडे का?

उत्तर : कालवारीचे हिब्रू-अरामी नाव गोलगोथा, म्हणजे ‘कवटीची जागा’. शिवाय जुन्या ख्रिस्ती समजुतीप्रमाणे आदाम तिथेच पुरलेला होता आणि येशूचे रक्त त्याच्या कवटीवर ओघळले, म्हणून ती कवटी आदामाची.

प्रश्न (पुणे) : गिमिलियोच्या काल्व्हेरवर एका नग्न स्त्रीला भुते ओढताना दाखवली आहेत. बायबलमध्ये अशी कथा आमच्या वाचनात नाही.

उत्तर : आपल्या वाचनात नाही, कारण ती बायबलमध्ये नाही. ही कातेल गोलेत, म्हणजे ‘वाया गेलेली कातेल’. ब्रेतों लोककथेतली ही श्रीमंत घरची तरुणी नाचाची इतकी वेडी की जोडीदार दमून पडत आणि हिचे पाय थांबत नसत. पापनिवेदनात ती पापे लपवू लागली, आणि अखेर आपल्या प्रियकराच्या रूपात आलेल्या सैतानासाठी तिने पवित्र प्रसाद चोरला. गिमिलियोच्या मूर्तिकाराने तिला नरकाच्या उघड्या जबड्याशी आणून सोडले आहे आणि भुते तिला आत ओढताहेत. गंमत पाहा : तिच्याबरोबर नाचलेल्या इतक्या पुरुषांपैकी एकालाही दगडात जागा मिळालेली नाही.

गिमिलियोच्या काल्व्हेरवर १५८१ आणि १५८८ ही दोन साले कोरलेली आहेत आणि मूर्ती दोनशेच्या आसपास. त्यात कथेचा क्रम शोधू जाल तर फसाल. प्रसंग पाठोपाठचे नाहीत, जन्माशेजारी मरण आणि मरणाशेजारी पाय धुण्याचा प्रसंग असे ते विखुरले आहेत. कुणी म्हणते ते सणांच्या क्रमाने आहेत, कुणी म्हणते जागेच्या सोयीने. मला वाटते, प्रवचन देणारा धर्मगुरू हातात काठी घेऊन त्या दिवशीच्या प्रसंगाकडे बोट दाखवी आणि लोक तिकडे सरकत. त्यांना पुस्तकासारखा क्रम कशाला हवा? येशूला नेणारे रोमन शिपाई तर सोळाव्या शतकातल्या फ्रेंच सैनिकांच्या पेहरावात आहेत, आणि त्यांच्याबरोबर ढोल वाजवणाराही आहे.

प्रश्न (बेळगाव) : एवढ्या कामाला पैसा कुठून आला? हा भाग तर गरीब होता असे वाचले आहे.

उत्तर : नंतर गरीब झाला, काल्व्हेर उभी राहिली तेव्हा नव्हता. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत उत्तरेकडच्या लेओं भागात अळशीच्या धाग्याचे तलम कापड विणले जाई. बियाणे बाल्टिक समुद्राकडून येई आणि तयार कापड मोर्ले व लांदेर्नो या बंदरांतून मुख्यतः इंग्लंडला जाई. या धंद्यातून शेतकरीच व्यापारी झालेला एक वर्ग तयार झाला, ज्यांना ‘जुलोदेद’ म्हणत. पैसा त्यांच्या हातात, चर्चच्या कारभारी मंडळातही तेच, आणि शेजारच्या गावाने काही बांधले की आपण त्याहून मोठे बांधायचे ही ईर्ष्याही त्यांचीच. गिमिलियो, सें-तेगोनेक आणि लाम्पोल-गिमिलियो ही तीन गावे हाकेच्या नाही तरी चालण्याच्या अंतरावर आहेत, आणि तिघांनी कमान, अस्थिगृह, चर्च आणि काल्व्हेर अशी दगडी भिंतीच्या आतली अख्खी आवारे उभारली. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडशी बिनसले, जकाती वाढल्या, व्यापार बसला. आणि बांधकामांचा तो ओघही आटला.

घडवणारे मात्र बहुतेक अनामिक आहेत. अपवादांत प्लुगोन्व्हेनचे काल्व्हेर येते, ज्यावर १५५४ साल आणि प्रिजां घराण्यातल्या बास्त्यां व आंरी यांची नावे आहेत. पुढल्या शतकात लांदेर्नोच्या रोलां दोरे याने असंख्य क्रूस घडवले. प्लेबेनच्या १५५५ च्या काल्व्हेरमध्ये जवळजवळ शंभर वर्षांनी, १६५० साली, ब्रेस्टच्या ज्युलियें ओझान याने प्रसंग वाढवले, त्यातले शेवटचे भोजन जरूर पाहावे. सें-तेगोनेकच्या १६१० च्या काल्व्हेरमधल्या एका छळकर्त्याचा चेहरा फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्यासारखा असल्याचे सांगतात. त्याच वर्षी पॅरिसमध्ये हेन्रीचा खून झाला. त्याच काल्व्हेरच्या एका कोनाड्यात गावाचा संत आपल्या गाडीसह बसला आहे, आणि गाडीला लांडगे जुंपलेले आहेत. लांडग्यांनी त्याचे जनावर खाल्ले, म्हणून त्याने लांडग्यांनाच गाडी ओढायला लावली, अशी कथा आहे. मला व्यक्तिशः राजापेक्षा हे लांडगे अधिक आवडतात.

प्रश्न (रत्नागिरी) : उभ्या प्रागैतिहासिक शिळेवर क्रूस कोरलेला पाहिला. जुने दैवत मोडून त्यावर नवे बसवले, असेच याला म्हणावे लागेल ना?

उत्तर : बसवले खरे, पण मोडले नाही. आपण पाहिलेली शिळा बहुधा प्लमर-बोदूजवळची सें-युझेकची असावी. सुमारे आठ मीटर उंचीची ही शिळा ख्रिस्तपूर्व काळात, हजारो वर्षांपूर्वी उभारलेली. १६७४ साली तिच्या माथ्यावर लहान क्रूस बसवला आणि अंगावर प्रार्थना करणारी स्त्री, सूर्य, चंद्र, कोंबडा, हातोडा, शिडी, भाला अशी येशूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरली. त्या काळात ज्युलियें मोन्वार हा येशूसंघीय धर्मगुरू ब्रिटनीभर शिबिरे घेत फिरत होता, आणि हे काम त्या लाटेतले आहे. लोक शिळेपाशी जायचे थांबत नाहीत असे दिसल्यावर शिळाच आपल्या बाजूला वळवून घेणे त्यांना सोपे वाटले असावे. त्याचा एक परिणाम असा की शिळा फोडून बांधकामाला गेली नाही. लोहयुगातल्या लहान, गुळगुळीत शिळांच्या माथ्यावर बसवलेले क्रूसही फिनिस्तेरमध्ये जागोजाग दिसतात.

प्रश्न (ठाणे) : या मूर्ती नीट धुऊन का ठेवत नाहीत? आणि चित्रकार गोगँने तर हिरवा येशूच रंगवला आहे!

उत्तर : गोगँच्या १८८९ च्या त्या चित्रामागे पाँत-आव्हेनजवळच्या निझोंचे काल्व्हेर आहे, आणि त्यातला हिरवा रंग त्याने केवळ कल्पनेतून आणलेला नाही. त्या दमट हवेत ग्रॅनाइटवर शेवाळ आणि दगडफूल धरतेच. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने ते निघून जाते, पण त्याबरोबर दगडाचा सैल झालेला वरचा थरही जातो, आणि त्या थरातच चेहरा असतो. म्हणून जाणकार हळूहळू आणि गरजेपुरतेच साफ करतात. आज आपल्याला करडे दिसणारे यातले काही क्रूस एके काळी रंगवलेले होते, हेही लक्षात ठेवावे; खोबणींत रंगाचे अवशेष सापडले आहेत.

खरी हानी पावसाने केली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, विशेषतः १७९३-९४ मध्ये, क्रूस पाडण्यात आले. गावकऱ्यांनी तुकडे पुरून ठेवले, आणि पुढच्या शतकात ते पुन्हा जोडले. म्हणूनच एखाद्या क्रुसाच्या पट्टीवर डावीकडची मरिया एका शिल्पीच्या हातची आणि उजवीकडचा योहान दुसऱ्याच्या हातचा, निराळ्या उंचीचा, असे जमलेले दिसते. गेएनोचे १५५० चे काल्व्हेर १७९४ मध्ये फोडले होते. १८५३ साली मूर्तिकारांनी मागितलेला मोबदला परवडेना, तेव्हा तिथल्या धर्मगुरूने आणि त्याच्या सहायकाने स्वतः छिन्नी हातात घेतली. त्यांचे काम ओबडधोबड आहे, हे मान्य. ते नसते तर आज तिथे दगडांचा ढीग असता. प्लुगास्तेलवर १९४४ च्या ऑगस्टमध्ये, ब्रेस्टच्या लढाईत, अमेरिकी तोफगोळे पडले. स्मारकांच्या रक्षणासाठी नेमलेल्या जॉन स्किल्टन या अमेरिकी अधिकाऱ्याने तुकडे गोळा करवले आणि युद्धानंतर अमेरिकेत वर्गणी उभी केली. त्यातून काल्व्हेर दुरुस्त झाले. ज्यांच्या तोफांनी मोडले त्यांच्याच देशातून वर्गणी आली, याचे श्रेय द्यायला हरकत नाही.

प्रश्न (नाशिक) : पुढच्या वर्षी मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत. हाताशी दोनच दिवस आहेत, काय पाहावे?

उत्तर : पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून मोर्लेपर्यंत वेगवान रेल्वेने साधारण तीन तास लागतात, तिथून गाडी भाड्याने घ्यावी, कारण वाटेवरच्या क्रुसांसाठी वाटेवरच असावे लागते. पहिल्या दिवशी सें-तेगोनेक, गिमिलियो आणि लाम्पोल-गिमिलियो. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघून वाटेत प्लेबेन, आणि दुपारनंतर त्रोनोएन. सातही पाहण्याचा हट्ट धरू नये. तिसऱ्यानंतर डोळे थकतात आणि सगळे घोडेस्वार सारखे दिसू लागतात. त्यापेक्षा फ्रेंच भूमापन संस्थेचा एकास पंचवीस हजार प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावर बहुतेक क्रूस बारीक चिन्हाने दाखवलेले असतात, आणि एखाद्या आडवाटेच्या चौकात, कुणी न थांबणाऱ्या साध्या क्रुसापाशी पंधरा मिनिटे दिली तर पाठीला पाठ लावलेले संत निवांत पाहता येतात. वाट चालत येणाऱ्याच्या बाजूने एकदा आणि उलट बाजूने एकदा, असे दोन्हीकडून पाहावे.

सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड झिजलेल्या ग्रॅनाइटला फार मानवतो. भर दुपारी त्याच मूर्ती सपाट भासतात. पाऊस लागलाच तर वैतागू नये, कारण भिजल्यावर केर्सांतों जवळजवळ काळा होतो आणि कोणती मूर्ती कोणत्या दगडाची ते दुरूनच कळते. फक्त छत्री नेऊ नये, रेनकोट न्यावा. त्रोनोएनच्या माळावर माझी छत्री पहिल्या पाच मिनिटांतच उलटी झाली होती.